वैतरणेची वाट आणि आगबोटीचे एक जुने छायाचित्र

आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार देवाच्या कृपेने आणि सर्वांच्या हातभाराने पूर्ण झाला. या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे द्यावीत, असे आवाहन समितीने गावात आणि मुंबई-ठाण्याला स्थायिक झालेल्या मंडळींना केले होते. एकूण नऊ छायाचित्रे जमली. आठांमध्ये जुने देऊळ, पालखी, बोहाडा आणि एका लग्नाची वरात आहे. नववे मात्र अगदीच वेगळे निघाले. त्यात देऊळ नाही, गाव नाही, डोंगरही नाही. धक्क्याला लागलेली एक आगबोट आहे. बोटीला एक उंच धुराडे आहे, काठाला फळी लावली आहे आणि फळीवरून डोक्यावर गोणी घेतलेला एक उघडा माणूस खाली उतरतो आहे. उतरता उतरता तो कॅमेऱ्याकडे पाहतो आहे.

समितीच्या बैठकीत हे चित्र हातोहात फिरले. एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "आगबोटीचा आणि आपल्या देवळाचा काय संबंध? आपण डोंगरातली माणसं. आपल्याकडे बोट कधी आली?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधता शोधता बरीच माहिती हाती लागली. ती वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखनाचा हेतू. मी कोणी इतिहासकार नाही. कचेरीत कागद जपणे हा माझा रोजचा धंदा असल्यामुळे जुना कागद दिसला की तो वाचल्याशिवाय राहवत नाही, इतकेच.

प्रथम आपल्या नदीविषयी. वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते. त्याच डोंगरातून गोदावरी पूर्वेकडे जाते आणि आपली वैतरणा पश्चिमेकडे वळते. मोखाड्याच्या दऱ्याखोऱ्यांतून, वाडा आणि पालघरच्या सपाटीवरून सुमारे दीडशे किलोमीटरची वाट चालून ती अर्नाळ्याच्या उत्तरेस समुद्राला मिळते. वाटेत जव्हार-मोखाड्याकडून येणारी पिंजाळ तिला मिळते, देहर्जा मिळते, सूर्या मिळते, शहापूरकडची तानसा मिळते. म्हणजे आपल्या दोन्ही तालुक्यांतले बहुतेक पाणी अखेर वैतरणेचेच होते. पुराणात यमलोकाच्या वाटेवर वैतरणी नावाची नदी सांगितली आहे. मेलेल्या माणसाने गाईचे शेपूट धरून ती पार करावी, अशी समजूत आहे. नावाच्या साम्यामुळे आपल्या नदीला जुन्या काळापासून तीर्थाचे महत्त्व आले आणि थोडी भीतीही चिकटली.

या नदीतून आगबोट मोखाड्यापर्यंत आली का? नाही. येणे शक्यही नव्हते. याचे कारण समजून घेतले म्हणजे कोकणातल्या सगळ्या जलमार्गांची गोष्ट समजते. आपल्या बाजूला नदी खडकातून उड्या मारीत उतरते. पावसाळ्यात तिचा लोंढा असा असतो की त्यापुढे हत्ती उभा राहणार नाही, आणि वैशाखात डोहांत तेवढे पाणी उरते. बोट चालायला हवे ते बारमाही, खोल आणि संथ पाणी. कोकणातल्या नद्यांत असे पाणी मिळते ते फक्त खाडीच्या भागात, म्हणजे समुद्राची भरती जिथवर चढते तिथवर. बोट भरतीबरोबर आत यायची, माल उतरवायची, नवा माल भरायची आणि ओहोटीबरोबर परत फिरायची. भरती जिथे संपते तिथे बोटीचा माल बैलाच्या पाठीवर किंवा माणसाच्या डोक्यावर चढायचा. म्हणून नेमक्या त्याच जागी बाजारपेठ उभी राहायची. सावित्रीवर महाड, वाशिष्ठीवर चिपळूणजवळचे गोवळकोट, कुंडलिकेवर रोहे, अंबेवर नागोठणे, उल्हासवर कल्याण ही सगळी गावे अशीच वसली. आपल्या वैतरणेवर तसे ठिकाण म्हणजे मनोर. भरतीचे पाणी मनोरपर्यंत चढते. लहान गलबते आणि मचवे तेथवर येत.

मनोरपासून वर आपला मुलूख सुरू होतो. जव्हार संस्थान हे मुकणे राजघराण्याचे. इ. स. १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने नेमशहाला राजा म्हणून मान्यता दिली असे सांगतात, आणि हे राज्य १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत टिकले. १६६४ साली शिवाजी महाराज सुरतेच्या स्वारीवर जाताना जव्हारहून गेले आणि शिरपामाळावर विक्रमशहाने त्यांना शिरपेच दिला, ही कथा आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे. या संस्थानाचे खरे उत्पन्न शेतीचे नव्हते, जंगलाचे होते. साग, ऐन, बांबू आणि कोळसा हा माल डोंगरातून खाली जायचा. खालून वर यायचे ते मीठ, सुके बोंबील, सुकट, कापड आणि लोखंड. मीठ पिकते समुद्राच्या काठी आणि लागते डोंगरातल्या माणसाला, म्हणून ही वाट कधी ओस पडली नाही.

ही वाट फार जुनी आहे. वैतरणेच्या मुखापासून जवळच असलेले सोपारा, म्हणजे जुने शूर्पारक, दोन हजार वर्षांपूर्वी मोठे बंदर होते. ग्रीक खलाशाने लिहिलेल्या एका प्रवासवर्णनात सोपारा आणि कल्याण या दोन्ही बंदरांची नावे आहेत. सोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला, आणि १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथला स्तूप उकरला. या बंदरांत उतरलेला माल घाट चढून नाशिककडे आणि देशावर जायचा. आपले डोंगर त्या वाटेत उभे होते. आज आपण ज्याला आडबाजूचा तालुका म्हणतो, तो एके काळी वाटेवरचा मुलूख होता.

आता आगबोटीकडे वळू. वाफेच्या जोरावर नाव चालते हे जगाला प्रथम नीट पटले ते १८०७ साली. अमेरिकेत रॉबर्ट फुल्टन यांनी हडसन नदीवर वाफेची बोट चालवून दाखवली. पुढे मिसिसिपी नदीवर अशा बोटींचे पेवच फुटले. बोटीच्या पोटात कोळशाची नाहीतर लाकडाची भट्टी, त्यावर पाण्याचे बंद भांडे, त्यातून कोंडलेली वाफ दट्ट्याला ढकलते आणि दट्ट्या मोठे चाक फिरवतो, अशी तिची रचना. पहिल्या बोटींना दोन्ही बाजूंस किंवा मागे पाणी कापणारी चाके असत. पुढे पाण्याखालचा पंखा आला. उथळ नदीत मात्र चाकाचीच बोट बरी पडे, कारण तिचे बूड फार खोल जात नसे.

आपल्या मुंबईचे नाव यात मागे नाही. वाडिया घराण्यातील पारशी कारागिरांनी बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून सुएझकडे निघाली. सुमारे महिनाभरात ती पोहोचली. निघताना तिच्यात इतका कोळसा भरला होता की माणसांना आणि मालाला जागा फार थोडी उरली होती. त्याच घराण्यातील अर्देशीर करसेटजी वाडिया यांनी वाफेच्या यंत्रांचे ज्ञान मिळवले, आणि १८४१ साली ते इंग्लंडच्या रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

उत्तरेकडे गंगेवर १८३४ च्या सुमारास कलकत्ता ते अलाहाबाद अशी आगबोटींची नियमित फेरी सुरू झाली. पुढे ब्रह्मपुत्रेवर आसामपर्यंत बोटी जाऊ लागल्या. त्या बोटींची जुनी छायाचित्रे पाहिली तर वरच्या मजल्यावर खुर्चीत बसलेले साहेब दिसतात. खालच्या डेकवर मात्र छोटा नागपूरच्या डोंगरांतून चहाच्या मळ्यांवर नेलेली माणसे दाटीवाटीने भरलेली असत. ती आपल्यासारखीच आदिवासी, डोंगरातली माणसे. त्या प्रवासात पटकीने कितीतरी दगावली. बोट एकच, पण तिच्यातले दोन मजले म्हणजे दोन वेगळी जगे होती.

कोकण किनाऱ्यावर आगबोटी आल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर. शेपर्ड कंपनीचे नाव जुन्या कोकणी माणसाच्या तोंडी असे. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी स्वदेशीच्या लाटेत लोकांनी भागभांडवल जमवून आपली कंपनी काढली. तिला कौतुकाने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. मुंबईहून निघालेली बोट हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जाई. बहुतेक बंदरांत धक्काच नव्हता. बोट समुद्रात उभी राहायची आणि पडाव तिच्यापाशी जायचे. हलत्या पडावातून हलत्या बोटीत म्हातारी माणसे, बाळंतिणी, कोंबड्या आणि ट्रंका चढवायच्या, हे काम खलाशांचे. खाड्यांतून आत जाण्यासाठी लहान लाँचा असत. दाभोळहून गोवळकोटला आणि बाणकोटहून दासगावला त्या भरतीची वेळ पाहून निघत.

याच दासगावच्या खाडीने देशाच्या इतिहासातला एक मोठा प्रसंग पाहिला आहे. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर २४ डिसेंबर १९२७ रोजी आपल्या सहकाऱ्यांसह मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले आणि दुसऱ्या दिवशी दासगावला उतरले. बंदरावर हजारो लोक त्यांची वाट पाहत होते. तेथून सारे महाडला गेले आणि त्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. पाण्याच्या हक्कासाठी निघालेली माणसे पाण्याच्याच वाटेने आली होती.

बोटींचा इतिहास सांगताना दुःखाच्या गोष्टी टाळता येत नाहीत. त्यांतली पहिली तर आपल्या नदीच्या नावाची आहे. 'वैतरणा' नावाची आगबोट १८८५ साली स्कॉटलंडमधील ग्रेंजमाउथ येथे बांधली गेली. शेपर्ड कंपनी ती कच्छ आणि मुंबई यांच्या दरम्यान चालवी. तिच्यावर विजेचे दिवे होते. त्या काळी ते एवढे नवल होते की लोक तिला 'वीजळी' म्हणत. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी ती मांडवीहून निघाली, द्वारकेला आणखी उतारू घेतले आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर वादळात सापडली. सातशेहून अधिक माणसांसह ती नाहीशी झाली. लग्नाची वऱ्हाडे आणि मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली मुले तिच्यात होती असे सांगतात. चौकशीत निघाले ते असे की, एवढ्या माणसांना पुरतील इतक्या बचावाच्या होड्या आणि साधने बोटीवर नव्हती. दिवे विजेचे होते, पण जीव वाचवण्याची सोय अपुरी होती.

पुढे ११ नोव्हेंबर १९२७ रोजी 'जयंती' आणि 'तुकाराम' या कोकणच्या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. आणि १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिनासुद्धा उरला नसताना, आषाढी अमावास्येच्या दिवशी 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघाली. काश्याच्या खडकाजवळ मोठ्या लाटेने ती कलली. घाबरलेले उतारू एका बाजूला धावले आणि थोड्याच वेळात ती बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते, त्यामुळे मुंबईला ही बातमी संध्याकाळी कळली. मासळी घेऊन येणाऱ्या कोळी बांधवांनी आपला माल समुद्रात फेकून दिला आणि होड्यांत माणसे भरून घेतली. जे वाचले त्यांतले कित्येक या कोळ्यांमुळे वाचले. दिवसाची कमाई पाण्यात टाकून माणूस उचलायचा, याहून मोठा धर्म मला तरी ठाऊक नाही.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस कोकणची उतारू बोट बंद पडली. रस्ते झाले, एस. टी. गावोगाव पोहोचली, पुढे कोकण रेल्वे आली. आता उरली आहेत ती छायाचित्रे.

छायाचित्रांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. छायाचित्रणाची कला १८३९ साली जगासमोर आली आणि १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या आरंभीच्या हिंदी छायाचित्रकारांपैकी एक. त्या काळी काचेवर ओले रसायन लावून चित्र घ्यावे लागे आणि काच वाळण्यापूर्वी ती धुवावी लागे. चित्र घेताना कॅमेऱ्यापुढे काही सेकंद कोणी हलायचे नाही. यामुळे एक चमत्कारिक गोष्ट घडली. त्या जुन्या चित्रांत नांगरलेली गलबते रेखीव दिसतात, इमारती दिसतात, स्वस्थ उभे राहिलेले साहेब आणि शेठ दिसतात. पण जो माणूस काम करीत होता, चालत होता, ओझे वाहत होता, तो हलल्यामुळे धुक्यासारखा पुसट उमटला किंवा अजिबात उमटलाच नाही. बंदर चालवणारा हमाल त्या बंदराच्या चित्रात नाही. यात कोणाचे कपट नव्हते, यंत्राचीच तेवढी ताकद होती. पण परिणाम व्हायचा तो झाला.

पुढे कॅमेरे वेगवान झाले. हातात धरून कोणालाही चित्र काढता येईल असा कॅमेरा अमेरिकेत १८८८ साली बाजारात आला. 'वीजळी' बुडाली तेही हेच साल. मग चालती माणसेही चित्रात येऊ लागली. तरी त्यांचे नाव काही आले नाही. चित्राखाली बोटीचे नाव असते, बंदराचे असते, कधी कप्तानाचे असते. डोक्यावर गोणी घेतलेल्या माणसाखाली लिहिलेले असते 'बंदरावरील दृश्य'. मला यावरून आमच्या कचेरीतला एक शब्द आठवतो. जुन्या नोंदीत पहिल्या माणसाचे नाव लिहून पुढे 'वगैरे' असे लिहिलेले असते. त्या 'वगैरे'मध्ये कधी पाच भाऊ असतात, कधी दोन विधवा बहिणी असतात. दोन पिढ्यांनी वारस दाखला मागायला येतात, तेव्हा त्या एका शब्दामागची माणसे शोधता शोधता नाकी नऊ येतात.

आमच्याकडे आलेल्या त्या नवव्या चित्राखालीही आम्ही 'बंदरावरील दृश्य' एवढेच छापणार होतो. पण चित्र देणाऱ्या कुटुंबातील आजी गावातच आहेत. त्यांना एकदा दाखवावे म्हणून मी घरी गेलो. त्यांनी चित्र उजेडाला धरले, डोळ्यांजवळ नेले आणि म्हणाल्या, "हा माजा सासरा."

आजींनी सांगितले ते असे. त्यांचे सासरे मुंबईला भाऊच्या धक्क्यावर हमाली करायचे. दिवाळीला नागली-वरईची कापणी आटोपली की आणखी काही जणांबरोबर निघायचे. खोडाळ्यावरून विहीगाव, तेथून कसारा स्टेशन आणि मग आगगाडी. पावसाळ्यात समुद्र खवळला की कोकणच्या बोटी बंद व्हायच्या. बोटी बंद म्हणजे हमाली बंद. तेव्हा ते परत यायचे आणि राब झालेल्या शेतात पेरणीला लागायचे. म्हणजे समुद्रावरच्या बोटीचे वेळापत्रक आणि आपल्या डोंगरातल्या शेतीचे वेळापत्रक एकमेकांना नेमके जुळलेले होते. हे मला आजींकडूनच प्रथम कळले. जन्मभर त्यांनी बोटी भरल्या आणि रिकाम्या केल्या, पण स्वतः बोटीत बसून प्रवास कधी केला नाही. विचारले की म्हणायचे, "आपला पाय दगडावर बरा."

१९५७ साली वैतरणेवर मुंबईसाठी मोडकसागर धरण झाले आणि आपले पाणी नळातून मुंबईला जाऊ लागले. धक्क्यावर नळाला तोंड लावताना ते सोबत्यांना सांगायचे, "पी रे, आपल्या गावचं पाणी आहे." बोट वैतरणेतून वर आली नाही, पण वैतरणाच आपण होऊन त्यांच्यापर्यंत खाली गेली होती. पुढे १९७३ साली अप्पर वैतरणा झाले. आपल्याच तालुक्यात कोचाळे येथे शंभर मीटरहून उंच असे मध्य वैतरणा धरण झाले आणि २०१४ पासून तेही मुंबईची तहान भागवू लागले. त्याच साली १ ऑगस्टला ठाण्यातून वेगळा होऊन आपला पालघर जिल्हा झाला. मुंबईकर दात्यांना हे सांगताना तक्रारीचा सूर नाही. तहानलेल्याला पाणी देणे हे पुण्यच. पण उन्हाळ्यात आपल्या पाड्यांवरच्या बाया आजही दोन हंडे पाण्यासाठी दरी उतरतात, आणि पावसाळ्यात नदी ओलांडणे काही पाड्यांना जिवावरचे काम असते. दात्यांनी घरी नळ उघडताना एवढे मनात ठेवावे.

आजींनी शेवटी जे सांगितले त्यामुळे बैठकीतल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. आपल्या देवळात गाभाऱ्यासमोर जी लहान पितळी घंटा होती, ती त्यांच्या सासऱ्यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या हमालांनी आणेपैसे जमवून मुंबईत घेतली होती. कसाऱ्यापासून गावापर्यंत त्यांनी ती डोक्यावरून आणली. वाटेत ती वाजू नये म्हणून तिच्या टोल्याला फडके बांधले होते, कारण देवापुढे टांगल्याशिवाय घंटेचा नाद करायचा नाही असे ठरले होते. जीर्णोद्धाराच्या वेळी ती घंटा खाली काढली तेव्हा मी स्वतः पाहिली आहे. तिच्यावर कोणाचेही नाव नाही. अक्षरे कोरण्याचे वेगळे पैसे पडतात, आणि त्यांपैकी कोणाला अक्षर ओळखीचे नव्हते.

तेव्हा आगबोटीचा आणि देवळाचा संबंध आहे. कोकणातल्या कोणत्या तरी बंदरातून आलेल्या गोणीची मजुरी आपल्या देवळात घंटा होऊन लागली आहे. आपण दर आरतीला ती वाजवीत आलो आणि कोणाची आहे हे विचारले नाही.

आता थोडे स्पष्ट लिहितो, लहान तोंडी मोठा घास झाल्यास क्षमा असावी. सभामंडपाच्या भिंतीवर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी लागणार आहे. ती लागायलाच हवी. त्यांच्या देणगीशिवाय हे काम उभे राहिले नसते आणि त्यांचे ऋण गाव विसरणार नाही. परंतु पायाचे दगड ज्यांनी ओढ्यातून डोक्यावर आणले, ज्या बायांनी दोन उन्हाळे कामाला पाणी पुरवले, ज्या पोरांनी वीटभट्टीवरून सुट्टी काढून स्लॅबच्या दिवशी रात्रभर घमेली उचलली, त्यांच्यासाठी पाटीच्या मसुद्यात एकच ओळ होती: 'व समस्त ग्रामस्थ'. हा त्या 'वगैरे'चाच भाऊ. दिवाळीनंतर आजही आपली अर्धी गावे भिवंडी, वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात, जसे आजींचे सासरे धक्क्यावर जात. साठ-सत्तर वर्षांनी कोणी यांची छायाचित्रे पाहील, तेव्हा त्याखाली काय लिहिलेले असेल?

हे मी समितीपुढे मांडले. दोन मते पडली. नावे फार होतील, दगड पुरणार नाही, खर्च वाढेल असे काहींचे म्हणणे होते आणि ते खोटे नव्हते. शेवटी एका मुंबईकर दात्यांनीच मार्ग काढला. त्यांनी सांगितले, "माझ्या नावापुढची रक्कम काढून टाका, नाव बारीक अक्षरांत घाला, तेवढ्या जागेत दुसरी चार नावे बसतील." मग इतर दात्यांनीही ते मान्य केले. त्याप्रमाणे श्रमदान केलेल्या सर्वांची नावे, स्त्रियांची नावे त्यांच्या स्वतःच्या नावाने, दुसऱ्या पाटीवर कोरायचे ठरले आहे. यादी या स्मरणिकेच्या शेवटी दिली आहे. कोणाचे नाव राहिले असल्यास कृपया पाटी कोरण्यापूर्वी कळवावे. नंतर दुरुस्ती करणे कठीण असते, हे कचेरीतल्या अनुभवाने सांगतो.

घरोघरी पेटीच्या तळाशी, देव्हाऱ्यामागे, जुन्या शिधापत्रिकेत अशी चित्रे अजून असतील. वाळवीने खाण्यापूर्वी ती बाहेर काढा. म्हाताऱ्या माणसांना दाखवा आणि ती सांगतील ती नावे चित्रामागे पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. शाईने लिहू नये, ती पुढच्या बाजूस उतरते. चित्र कोणी काढले, कोठे काढले हे कळले नाही तरी चालेल, पण त्यात कोण आहे हे आज कळले नाही तर ते पुढे कधीच कळणार नाही. बोटींची नावे पुस्तकांत सापडतात. माणसांची नावे घरातच सापडतात.

ते नववे छायाचित्र या लेखाच्या पुढच्या पानावर छापले आहे. आजींच्या इच्छेप्रमाणे त्याखाली त्यांच्या सासऱ्यांचे पूर्ण नाव दिले आहे. जुनी घंटा नव्या मंदिरात तिच्या पहिल्याच जागी टांगली आहे. दर्शनाला याल तेव्हा ती वाजवा, आणि वाजवताना ती डोक्यावरून घाट चढवणाऱ्यांची आठवण ठेवा.

लेखनात काही उणे-अधिक झाले असल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे. ग्रामदैवताच्या चरणी ही अल्पशी सेवा रुजू व्हावी, हीच प्रार्थना.